पाचवा रकाना

सिस्टर कधी बसत नसत. समोर बसलेल्या माणसालाही त्या फार वेळ बसू देत नसत; पाच मिनिटांत त्याच्या हाती थर्मामीटर, फडके किंवा एखादा कागद येई आणि तो आपोआप उठे. क्लिनिकमध्ये त्यांच्या टेबलामागे चांगली फिरती खुर्ची होती. तिच्यावर आजाऱ्यांची मोठी वही ठेवलेली असे. जेवणाचा डबा त्या खिडकीच्या कठड्यावर ठेवीत, उभ्यानेच खात, आणि खाताना नजर खाटांवर असे. एकदा मी भीत भीत कारण विचारले.

"गुडघा बदललाय," त्या म्हणाल्या. "बसताना काही होत नाही, उठताना लागतं. मग बसायचंच कशाला?"

कारण खरे असावे. तरीही गुडघा धड असता तर त्या बसल्या असत्या असे मला कधी वाटले नाही.

ओमानमधल्या रुसैलला आमच्या कंपनीचा कारखाना, आणि तिथून बसने दहा मिनिटांवर कामगारांचा कॅम्प. ए, बी, सी, डी अशा चार इमारती. मधल्या अंगणात पत्र्याची एक लांबट केबिन, ते क्लिनिक. आठ खाटा, औषधांचे कपाट, आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर, आणि उरलेला सगळा वेळ सिस्टर. माझे टेबल शेजारच्या केबिनमध्ये होते. कॅम्पमधली कागदपत्रे मुख्य कार्यालयाला पाठवणे एवढेच माझे काम, म्हणून सिस्टर मला ‘अहो रेकॉर्ड’ म्हणत. माझे नाव त्यांना ठाऊक होते; परंतु माणसाला त्याच्या कामाने हाक मारली की तो काम विसरत नाही, असे त्यांचे मत होते.

आम्ही दोघेही वादी अदाईला राहायचो आणि एकाच व्हॅनने यायचो. व्हॅनमध्ये त्यांना नाइलाजाने बसावे लागे. पण तेव्हाही हात पुढच्या सीटच्या दांड्यावर घट्ट, मान पुढे, आणि प्रत्येक सिग्नलला ड्रायव्हरला "चलो भाई, यल्ला, हिरवा झाला" असे सांगणे चालू. आपण उतरण्यापूर्वीच तिकडे काहीतरी बिघडणार आहे, अशी घाई त्यांच्या अंगात कायम असे. त्यांच्यासोबत अर्धा तास प्रवास केला की मलाही दिवसभर स्वस्थ बसवत नसे.

भारतीय लष्कराच्या परिचारिका सेवेतून त्या चांगल्या हुद्द्यावर निवृत्त झाल्या होत्या. पहिल्याच दिवशी कॅम्प-बॉसने त्यांना ‘मेजरसाब’ म्हणून सलाम ठोकला. हे कॅम्प-बॉस, म्हणजे कॅम्पचे व्यवस्थापक, रत्नागिरीकडचे, वीस वर्षे ओमानमध्ये काढलेले, मनाने मऊ आणि तोंडाने फटकळ.

"मेजर घरी कपाटात आहे," सिस्टर म्हणाल्या. "इथे सिस्टर म्हणा."

"मंग सिस्टरबाय म्हनू?"

"म्हणा. पण आधी त्या नळाचा वायसर बदला."

त्यांना एका विषयाचे वेड होते, आणि तो विषय इतका आडवाटेचा की तो त्यांच्याकडे कुठून आला याचे मला नवल वाटे. ब्रिटिश लष्करातील शुश्रूषेचा इतिहास. नोकरीत असताना एका छावणीच्या रद्दीत निघालेली जुनी पुस्तके त्यांनी घरी आणली होती, आणि पुढे जिथे बदली झाली तिथून आणखी जमवली होती. पण इतिहास त्या कधी भूतकाळात सांगत नसत. दीडशे वर्षांपूर्वीचा शिपाई त्यांच्या बोलण्यात आत्ता, या क्षणी थंडीने कुडकुडत असे.

"बंदरात जहाज उभं आहे," ड्रेसिंग करता करता त्या सुरू करीत. ऐकणाऱ्याला मराठी येते की नाही याची त्यांना पर्वा नसे. "जहाजाच्या पोटात कोट आहेत, ब्लँकेटं आहेत, लिंबाचा रस आहे. वर टेकडीवर माणसं मरतायत. आणि माल का उतरत नाही? कागदावर एक सही कमी आहे!"

हे म्हणताना त्यांचा हात थांबत नसे, पण पट्टी जरा जास्त आवळली जाई, आणि खाटेवरचा माणूस ‘आह’ करी.

किंवा असे: "इंग्रजांच्या पलटणीत आधी नर्स नाहीच. मग आजाऱ्याजवळ कोण? जो शिपाई लढायच्या कामाचा उरला नाही तो. कंबर गेलेला, दारू न सुटणारा. आणि पलटणीमागे चालणाऱ्या त्यांच्या बायका." इथे त्या क्लिनिकच्या मदतनिसाकडे पाहत. तो मूळचा लोडर. पाठ धरल्यामुळे कंपनीने त्याला क्लिनिकमध्ये ढकलले होते. "बघा, पद्धत अजून तीच आहे." मदतनिसाला मराठी येत नसे. आपले कौतुक चालले आहे असे समजून तो लाजे. त्याला दुखापत झालेला माणूस कसा उचलावा हे मात्र सिस्टरांनी इतके उत्तम शिकवले होते, की डॉक्टरही त्याला आधी बोलावीत.

परिचारिका दिनाला मुख्य कार्यालयाने एक चौकटबंद चित्र पाठवले. हातात दिवा घेऊन आजाऱ्यांमधून फिरणारी ती सुप्रसिद्ध बाई. सिस्टरांनी ते भिंतीवर लावले, थोडा वेळ पाहिले, आणि दिव्यावर पांढरी चिकटपट्टी लावून टाकली.

कॅम्प-बॉस हादरले. "बाय, साहेबानं पाठवलंय ते!"

"दिवा, दिवा! अहो, दिव्याने कुठं जुलाब थांबतात? त्या इस्पितळाखाली गटार तुंबलेलं होतं. ते उपसलं, हवा खेळायला लागली, तेव्हा माणसं वाचली. तिच्या हातात कुणी झाडू काढला तर मी रोज उदबत्ती लावीन."

झाडू कुणी काढला नाही. चिकटपट्टी तशीच राहिली.

हवेचे त्यांचे प्रकरण तर सगळ्या कॅम्पला ठाऊक होते. रोज सकाळी अर्धा तास त्या क्लिनिकच्या सगळ्या खिडक्या सताड उघडीत. रुसैलच्या उन्हाळ्यात सकाळची हवासुद्धा भट्टीच्या दारातून आल्यासारखी येते. एसी धापा टाकू लागे आणि तिकडून कॅम्प-बॉस धावत येत.

"ओ बाय, लावा की त्या खिडक्या! बाहेर आग हाय नुसती. एसी रडतोय बघा."

"रडू दे. हवा बदलल्याशिवाय खोली बरी होत नाही."

"खोली कुठं आजारी हाय? आजारी मानसं हायत."

"खोलीच आजारी असते, साहेब. माणसं नुसती तिच्यात झोपतात."

कॅम्प-बॉस माझ्याकडे पाहून डोळे फिरवीत. मी हसून मान खाली घालीत असे. कुणाची बाजू घ्यायची वेळ आली की मान खाली घालणे, ही माझी फार जुनी सवय.

महिन्याच्या शेवटी त्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक वाटोळे चित्र काढीत. पाकळ्यांसारखे भाग, त्यांना रंगीत पेन्सिली. यंत्रावर झालेल्या जखमांना लाल, पाणी-हवा-अन्नातून झालेल्या आजारांना निळा. असेच चित्र ‘त्या बाईने’ लढाईनंतर सरकारला दाखवण्यासाठी केले होते, असे त्या सांगत. हे चित्र मेसच्या दाराशी लागे. कामगार त्याला कलिंगड म्हणत. "सिस्टर, इस महीने का तरबूज बड़ा नीला है," असे कुणी म्हणाले की त्या खूश होत. कारण त्यांना तेच दाखवायचे असे. कारखान्यात यंत्रापेक्षा नळ अधिक माणसे पाडतो.

दर शुक्रवारी सकाळी वादी अदाईतल्या एका फ्लॅटवर आमच्या लोकांची बुद्धवंदना होते. मी आणि सिस्टर दोघेही जायचो. तिथेही त्या मागे दाराशी उभ्या. वंदना संपली की मुले इंग्रजीतून दंगा करीत, बायका चहा करीत, आणि सिस्टर यजमानांच्या स्वयंपाकघरात शिरून पिण्याच्या पाण्याचा पिंप उघडून पाहत. एका शुक्रवारी आम्ही दोघेच पायऱ्या उतरत होतो, तेव्हा त्या कधी नव्हे ते स्वतःविषयी बोलल्या.

"माझी पणजी देवळालीच्या छावणीत होती. गोऱ्यांच्या इस्पितळात. पट्ट्या धुवायला."

गुडघा सांभाळत त्या आणखी दोन पायऱ्या उतरल्या.

"गोऱ्या शिपायाला विलायतेहून आलेली नर्स. काळ्या शिपायाला वॉर्डबॉय. आणि पट्ट्या दोघांच्याही आमच्याकडे. रक्तापुवाचं कापड दुसरं कोण शिवणार? मी एवढी पुस्तकं वाचली, रेकॉर्ड. नर्सची नावं आहेत, त्यांच्या टोप्यांची चित्रं आहेत. पट्ट्या मात्र आपोआप धुतल्या गेल्या असं दिसतं." मग एकदम, "चला, चला, ऊन वाढतंय," असे म्हणून त्या दुखऱ्या गुडघ्यानिशी माझ्यापुढे निघून गेल्या.

आता मला त्या वहीविषयी लिहिले पाहिजे. इथपर्यंत मी रेंगाळलो, त्याचे कारणही तीच आहे.

आजाऱ्यांच्या वहीत कंपनीने चार रकाने आखून दिले होते: नाव, क्रमांक, आजार, रजेचे दिवस. सिस्टरांनी लाल पेन्सिलीने पाचवा आखला, ‘निजण्याची जागा’. त्यात त्या इमारत, खोली, आणि तिथे पाणी कोणत्या टाकीचे येते हे लिहीत. प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर एक मोठी टाकी असते. टँकर येऊन ती भरतो. "माणूस कुठे झोपतो आणि काय पितो हे कळल्याशिवाय त्याला काय झालंय ते कळत नाही," त्या म्हणत. "आफ्रिकेच्या लढाईत इंग्रजांची गोळ्यांनी मेली त्याहून जास्त माणसं तापाने मेली. का? तहान लागली म्हणून घाण नदीचं पाणी प्यायली. कोण कुठलं पाणी प्यायलं हे आधी कुणी लिहिलं असतं तर?"

दर गुरुवारी, आठवड्याचा शेवट म्हणून, त्या वहीचे पान माझ्याकडे पाठवीत. मी ते संगणकावर मुख्य कार्यालयाच्या तक्त्यात भरून पाठवीत असे. त्या तक्त्यात रकाने चारच होते.

पहिल्या आठवड्यात मी पाचव्यातली माहिती ‘शेरा’ या चौकटीत कोंबली. दोन दिवसांत तक्ता परत आला; अनावश्यक मजकूर वगळावा, असे वर लिहिले होते. मी वगळला. वगळल्याचे सिस्टरांना सांगायला हवे होते. पण सांगितले तर त्या तडक मुख्य कार्यालयाला फोन करतील, तिथला माणूस मला फोन करील, आवाज चढतील, आणि मला मध्ये उभे राहावे लागेल, हे सगळे मला डोळ्यांसमोर दिसले. म्हणून मी गप्प राहिलो. संकोची माणसाला आपण कुणाला त्रास देत नाही असे वाटत असते. मला तसेच वाटत होते.

गुरुवारी दुपारी केबिनच्या दारातून त्या विचारीत, "अहो रेकॉर्ड, गेलं ना?"

"गेलं, सिस्टर."

हे आम्ही मार्चपासून जूनपर्यंत दर गुरुवारी एकमेकांना म्हणालो.

एप्रिलपासून पाचव्या रकान्यात ‘सी’ हे अक्षर वारंवार येऊ लागले होते. पोट बिघडणे, ताप, अशक्तपणा. आणि शेवटी ‘सी, टाकी सी’. सिस्टर कॅम्प-बॉसना म्हणाल्या, वर चढून टाकी पाहा. कॅम्प-बॉस म्हणाले, उंचीवर चढायला सेफ्टीचे परमिट लागते, टाकी साफ करणारे लोक मुख्य कार्यालय पाठवते, आणि तिथून हुकूम आल्याशिवाय आपण शिडीला हात लावला तर नोकरी खलास. सिस्टरांचा गुडघा त्यांना शिडी चढू देत नव्हता. त्यांनी सी इमारतीत पाणी उकळून पिण्याची पाटी लावली. बारा तास काम करून आलेला माणूस पाणी उकळत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. पण त्या म्हणत, "वर गेलंय ना दर आठवड्याला. येईल माणूस. इन्शाल्ला, या आठवड्यात येईल."

त्यांचा धीर माझ्या ‘गेलं’वर उभा होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सी इमारतीत एकदम टायफॉइड उसळला. क्लिनिकच्या आठही खाटा भरल्या, तिघांना मोठ्या इस्पितळात हलवावे लागले. त्यांतला एक वेल्डर, गोरखपूरकडचा, आतडे फाटून अत्यवस्थ झाला. सिस्टरांनी त्याच दिवशी परमिट-बिरमिट न विचारता सी टाकीचा जिन्याखालचा मुख्य कॉक स्वतः पिरगळून बंद केला आणि बी टाकीच्या खालच्या नळावरून रबरी नळी टाकून सीला पाणी सुरू केले.

सोमवारी मुख्य कार्यालयातून मोठे साहेब आले. दिल्लीकडचे, सौम्य बोलणारे. सौम्य बोलणाऱ्या माणसाची मला अधिक भीती वाटते. क्लिनिकमध्येच बैठक झाली. साहेब, सिस्टर, कॅम्प-बॉस आणि मी.

"सिस्टर, इतने महीनों में आपने एक बार भी नहीं बताया कि बीमारी एक ही बिल्डिंग में है?"

"हर हफ्ते बताया है. पाँचवाँ कॉलम देखिए."

साहेबांनी छापील कागदांचा गठ्ठा त्यांच्यापुढे केला. सिस्टरांनी एक कागद पाहिला. मग दुसरा, तिसरा. चष्मा काढून पुसला आणि पहिल्यापासून पुन्हा पाहू लागल्या. नंतर त्यांनी खुर्चीवरची वही उचलून टेबलावर ठेवली आणि त्या खुर्चीत बसल्या.

कॅम्प-बॉस माझ्याकडे पाहू लागले. त्यांना रकान्याचे काही ठाऊक नव्हते. सिस्टर बसल्या, हेच त्यांना समजत नव्हते.

"ये तो रजिस्टर में है," साहेब म्हणाले. "रजिस्टर में तो कोई बाद में भी लिख सकता है. हमारे पास जो आया, उसमें नहीं है." ते कागद जुळवू लागले. "आप गुरुवार से छुट्टी पर जाइए. लायसन्स वालों को भी हमें लिखना पड़ेगा."

बोलायची वेळ तीच होती. एक वाक्य पुरे होते. मी मान खाली घातली.

मंगळवारचा दिवस मी कसा काढला ते सांगता येत नाही. मी खुर्चीत बसत होतो आणि उठत होतो. शिल्लक फायली लावल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा लावल्या. संध्याकाळी वादी अदाईला व्हॅनमधून दोन थांबे आधीच उतरलो आणि डोंगराच्या कडेकडेने चालत राहिलो. माझा व्हिसा, माझ्या मुलीची शाळा, गावी आईला पाठवायचे औषध, एवढे सगळे मी मनात सिस्टरांच्या विरुद्ध बाजूला उभे केले, आणि तरी पारडे हलेना. कुठेही थांबलो की त्या छापील कागदांकडे पाहणारे त्यांचे डोळे समोर येत, म्हणून मी थांबत नव्हतो.

बुधवारी दुपारी मी क्लिनिकमध्ये गेलो. त्या कपाटातल्या पट्ट्या मोजून मदतनिसाच्या ताब्यात देत होत्या.

"सिस्टर, पाचवा रकाना मी पाठवत नव्हतो."

त्यांचा हात थांबला. "कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून. तक्त्यात जागा नव्हती."

"मी दर गुरुवारी विचारत होते."

"हो."

"तुम्ही गेलं म्हणत होता."

"पान जात होतं, सिस्टर."

"पान!" त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की त्यापेक्षा शिवी बरी होती. मग त्या हातातल्या पट्ट्या पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या. मला वाटले आता ओरडतील. त्या ओरडाव्यात असे मला फार वाटत होते.

"लढाई संपवून ती घरी गेली," शेवटी त्या म्हणाल्या. ‘ती’ म्हणजे कोण हे मला विचारावे लागले नाही. "आकडे मांडायला बसली. आणि तिला कळलं की सगळ्यात जास्त माणसं तिच्याच इस्पितळात मेलीत. दिवा घेऊन फिरत होती तिथंच, त्याच गटारावर. काही जण लिहितात की त्या धक्क्यानंच तिनं अंथरूण धरलं." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मी तुम्हाला अंथरूण देणार नाही, रेकॉर्ड. खाटा भरलेल्या आहेत."

"मी साहेबांना लिहून देतो. आत्ता."

"साहेब मागून. आणि मला तरी कशाला सांगताय? माझं पोट ठीक आहे." त्यांनी खाटांकडे बोट केले. "आधी त्यांना सांगा. एकेकाला. मग साहेबांना. आधी साहेबांना सांगितलंत तर तो नुसता अर्ज होईल."

पुढे काय झाले ते इथेच सांगून टाकतो. मी साहेबांना सही करून लिहून दिले. त्यांना ते आवडले नाही. पण वही खरी ठरली आणि सिस्टरांची रजा रद्द झाली. मुख्य कार्यालयाच्या तक्त्यात पाचवा रकाना आला. माझी बदली दूरच्या इब्रीच्या गोदामात झाली. तिथे मी अजून आहे. गोरखपूरचा वेल्डर वाचला, पण पुन्हा कामाला उभा राहू शकला नाही आणि गावी परतला. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, परंतु मला ते येते. सिस्टर आणखी वर्षभर राहिल्या आणि आपल्या मर्जीने देवळालीला गेल्या. माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलत राहिल्या. माफ केले असे मात्र कधी म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारले नाही.

पण तो बुधवार.

मी पहिल्या खाटेपाशी गेलो. तिथे वेल्डरच्याच खोलीतला एक वयस्क पॅकर होता, आझमगढचा. ताप उतरलेला, गाल बसलेले. मी उभा राहिलो. माझे हिंदी कार्यालयापुरतेच आहे, आणि कबुलीचे शब्द कार्यालयात लागत नाहीत.

"चाचा," मी म्हणालो, "सिस्टर हर हफ्ते लिखती थी कि सी की टंकी खराब है. वो काग़ज़ मेरे पास आता था. मैंने आगे नहीं भेजा."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "क्यों?"

"फॉर्म में जगह नहीं थी."

"तो बोला क्यों नहीं?"

"डर लगा."

शेजारच्या खाटेवरचा माणूस कोपरावर उठून बसला. त्याने पलीकडच्याला काहीतरी सांगितले. आठही तोंडे माझ्याकडे वळली. एकजण भोजपुरीत काहीतरी बोलला आणि भिंतीकडे तोंड फिरवून पडला. मला वाटले आता पॅकर हात उगारील. त्याच्या हातात तेवढे बळ नव्हते, पण माझी तयारी होती.

त्याने पाण्याच्या ग्लासाकडे पाहिले.

"और ये जो अब आ रहा है, बी टंकी का. इसको किसी ने देखा है?"

मी सिस्टरांकडे वळलो. कॉक बंद करून नळी जोडल्यापासून तीन दिवस त्या या आठ खाटांभोवती फिरत होत्या, आणि बी टाकीत डोकावायला वर कुणीच गेलेले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते की हा प्रश्न त्यांनाही आत्ताच भिडला आहे.

"देखकर आता हूँ," मी म्हणालो.

बी इमारतीच्या मागे लोखंडी शिडी आहे, भिंतीला चार बोटे सुटलेली. मी चप्पल काढून चढू लागलो तसे कॅम्प-बॉस अंगणातून ओरडत आले.

"ओ! ओ साहेब! परमिट कुठं हाय? पट्टा कुठं हाय? पडून मेलाव तर मी काय जबाब देऊ?"

"शिडी धरा," मागून सिस्टर म्हणाल्या. "परमिट मी लिहिते."

लोखंड इतके तापले होते की हात ठेवला की उचलावा लागे, आणि उचलला की ठेवावा लागे. मी तसाच चढत राहिलो. थांबलो असतो तर उतरलो असतो. गच्चीवर टाकीला आणखी सहा पायऱ्या. झाकण अर्धवट सरकलेले होते. मी ते पुरे सरकवून आत डोके घातले. पाणी निश्चल होते, कडेला थोडे शेवाळ, आणि खाली, खूप खाली, पत्र्यावरचा एक गंजका नट स्पष्ट दिसत होता.

"तळ दिसतोय, सिस्टर!" मी वरून ओरडलो. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

"तळ दिसतो म्हणजे पाणी चांगलं असं कुणी सांगितलं?" खालून उत्तर आले. "बाटली भरून आणा. तपासायला पाठवायची. आणि झाकण नीट लावा."

माझ्याकडे बाटली नव्हती. ती मागायला मी गच्चीच्या कडेला येऊन वाकून पाहिले. कॅम्प-बॉस शिडीच्या निम्म्यावर आले होते. क्लिनिकमधली उकळून घेतलेली बाटली गळ्यात दोरीने लटकवलेली, तोंडाने मला आणि शिडीला आळीपाळीने शिव्या. आणि खाली, भर उन्हात, एकट्या सिस्टर शिडी धरून उभ्या होत्या.